बडोद्यात वकिली करून ऑफशोअर, म्हणजे परदेशी कायद्याखाली केलेल्या ट्रस्टच्या कामात शिरता येतं का? त्यासाठी लंडनचं एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) लागतंच का?

शिरता येतं. एलएलएमसाठी कर्ज काढू नका, स्टेप या ट्रस्ट-वारसा व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा डिप्लोमा नोकरी सांभाळून होतो आणि या धंद्यात त्याला मान आहे. पण डीड, म्हणजे ट्रस्टचा दस्त, लिहिलं की काम झालं, हे डोक्यातून काढा.

बडोद्याच्या रावपुऱ्यातली एक फाईल सांगतो. डीडला नाव ठेवायला जागा नव्हती. थोरला भाऊ लंडनला, त्याने जर्सी या ब्रिटनजवळच्या बेटावर डिस्क्रिशनरी ट्रस्ट (कुणाला किती द्यायचं ते ट्रस्टी ठरवतात असा) केलेला. धाकटा तिकडून कायमचा बडोद्याला आलेला, तो लाभार्थी. पहिली दोन वर्षं तो आरएनओआर, म्हणजे करासाठी रहिवासी पण पक्का नाही, त्यामुळे शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा भाग, लागू नव्हतं. तिसऱ्या वर्षी पक्का रहिवासी झाला आणि घोळ सुरू. ‘मला एक पौंड मिळालेला नाही, दाखवू काय?’ अहो, त्यातला ट्रस्टचा तक्ता एफ आधी विचारतो की तुम्ही ट्रस्टी, सेटलर (ट्रस्ट करणारा) की लाभार्थी, आणि कधीपासून. उत्पन्न करपात्र आहे का, हा रकाना नंतरचा. त्यात लंडनच्या बँक खात्याची शिल्लक सीएने ३१ मार्चची भरली. शेड्यूल एफए जानेवारी ते डिसेंबर चालतं, तिकडची बँकही सीआरएसखाली (देशादेशांत खात्यांची माहिती आपोआप कळवायची व्यवस्था) ३१ डिसेंबरचाच आकडा कळवते. आकडे जुळेनात, प्राप्तिकर खात्याचा मेसेज आला. ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरलं म्हणून निभावलं, नाहीतर काळ्या पैशाच्या कायद्यात दंड १० लाख.

इथले एक ज्येष्ठ वकील मला अजून ऐकवतात, ‘आकडे सीएचे, वकिलाने डीड बघावं.’ मग नोटिशीला उत्तर कोण लिहितं, तुमचा सीए?

तेव्हा २०१५चा हा काळ्या पैशाचा कायदा आणि फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आधी पाठ करा, जर्सीचा १९८४चा ट्रस्ट कायदा मागाहून. परत आलात की तिकडचं घर विकावंच लागतं, असं छातीठोक सांगणारे भेटतील. फेमाचं कलम ६(४) उघडून दाखवा, अनिवासी असताना घेतलेलं ठेवता येतं. एलआरएसची, म्हणजे रहिवाशाने परदेशी पैसे पाठवायच्या योजनेची, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा मात्र एप्रिल ते मार्च मोजतात, ते शेड्यूल एफएच्या वर्षात मिसळू नका.

दंडाबद्दल एक राहिलं: ऑक्टोबर २०२४पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर तो १० लाखांचा दंड नाही. दाखवायची मात्र तरीही.

आणि गुजराती वाचायला शिका. ट्रस्ट कंपनी संपत्ती कुठून आली ते विचारते, आणि आपल्याकडचा पेढीनामा (वंशावळ) नि जमिनीचा दस्त गुजरातीतच असतो. भाषांतरात एका काकाचं नाव चुकलं की खातं उघडणं तिथेच अडतं.