प्रतापराव गुजर सगळ्यांना माहीत असतात, मग हंबीरराव मोहिते का नाहीत?

कारण नेसरीला प्रतापरावांसकट सात जण शत्रूच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही गेले. असली गोष्ट पोवाड्यात लगेच बसते. प्रतापरावांनंतरचे सेनापती हंबीरराव १६८७ ला वाईजवळ मुघल सरदार सर्जाखानाची फौज मोडली त्याच लढाईत तोफेचा गोळा लागून पडले. जिंकलेल्या लढाईत सेनापती गेला तर लोक लढाई लक्षात ठेवतात, सेनापती नाही.

प्रश्न वाचून डोकं तापलं, कारण मी हंबीररावांच्या तळबीडच्या शेजारच्या गावचा. मागच्या पुण्यतिथीला आमच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. मधोमध गॉगल घातलेले दादा, वर साहेब, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या रांगा. हंबीरराव डाव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे! तोंड कुणाचं लावलेलं देव जाणे, पगडी तर पेशवाईतली. चुलतभाऊ मंडळाचा खजिनदार, त्याला विचारलं. म्हणाला, "अण्णा, वर्गणी काय हंबीररावांनी दिलीय का?"

मी म्हटलं, त्यांनी काय केलं एवढं तरी सांग. "वाईला पडले की." बास. पुढं गाडी जाईना.

खरं धाडस वाईच्या आधी सात वर्षांचं आहे. १६८० ला थोरले महाराज गेले, रायगडावर राजारामांना मंचकावर बसवलं. सोयराबाई हंबीररावांची सख्खी बहीण, राजाराम भाचा. नुसते गप्प बसले असते तरी राजाचा मामा म्हणून घर भरलं असतं. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत हे मंत्री संभाजीराजांना धरायला पन्हाळ्याकडं निघाले, तर या गड्यानं त्या दोघांनाच धरलं आणि राजांपुढं नेऊन उभं केलं. रणात मरणारे पुष्कळ होते हो, बहिणीच्या विरोधात जाणारा एक दाखवा. आणि ते गेल्यावर सव्वा वर्षात संगमेश्वरला काय झालं ते सांगायला नको.

प्रतापरावांवर राग नाही, तेही आमच्याच जिल्ह्यातले, खटावातल्या भोसऱ्याचे. आणि सगळीच मंडळं तसली नसतात, हेही खरं.

सन्मान करायचाच तर तळबीडला समाधीवर पोरांना घेऊन जा, वसंतगडाच्या पायथ्यालाच आहे, आणि १६८० ची हकीकत तिथं उभं राहून सांगा. फ्लेक्स लावणारच असाल तर तीच हकीकत चार ओळींत छापा. छपाईचा सगळा खर्च माझा, शुभेच्छुक एकही नको, असं चुलतभावाला सांगून ठेवलंय. म्हणतो, मीटिंगमध्ये विषय घेतो. वर्ष होत आलं, मीटिंग काही लागत नाही.