जुन्या बाजारातला कॅमेरा आणि नाशिकचा ‘मालक’

प्रश्न : मी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाऊन जुनी भांडी, घड्याळं, कॅमेरे घेते आणि इन्स्टाग्रामवर विकते. ८०० रुपयांना घेतलेला एक फिल्म कॅमेरा बेंगळुरूच्या ग्राहकाला ६,५०० ला विकला. बिल नाही, पण पैसे यूपीआयने दिले होते. आता नाशिकचे एक गृहस्थ म्हणतात, हा आमच्या घरातून चोरीला गेला, सिरियल नंबर जुळतो, १०,००० द्या नाहीतर पोलिसांत जातो. एवढ्या स्वस्तात घेतला म्हणून मी गुन्हेगार ठरते का? शिवाय शंभर वर्षं जुनी म्हणून मिळालेली एक पितळी मूर्ती ‘अँटिक’ लिहून पोस्ट केली आहे. ती विकू का?

उत्तर : ताई, पैसे देऊ नका. तुमची कॅमेऱ्याची पोस्ट मी नीट पाहिली. तिसऱ्या फोटोत सिरियल नंबर ठळक दिसतो, म्हणजे तो कोणालाही वाचता आला असता. एवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. गृहस्थांना एवढंच लिहा : चोरीच्या तक्रारीची प्रत आणि कॅमेऱ्याचं जुनं बिल किंवा फोटो पाठवा, पोलिसांनी विचारलं तर मी सगळी माहिती देईन. खरा मालक असेल तर त्याला यात वावगं वाटणार नाही.

स्वस्तात घेणं हा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागू व्हायला माल चोरीचा आहे हे तुम्हाला ठाऊक असावं लागतं किंवा तसं मानायला सबळ कारण असावं लागतं, आणि दोन्हीत अप्रामाणिक हेतूही असावा लागतो. जुन्या बाजारात ८०० ला कॅमेरा मिळतोच, त्यात संशयासारखं काही नाही. सीलबंद डब्यातला नवा मोबाइल २,००० ला घेतला असतात तर मी इतक्या निश्चिंतपणे लिहिलं नसतं. (मोबाइल घेणारच असाल तर आधी त्याचा आयएमईआय (ओळख) नंबर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा.) तुमचा यूपीआयचा व्यवहार हा चांगला पुरावा आहे. तो, ती पोस्ट आणि सगळं चॅट जपून ठेवा. घाबरून अकाउंट उडवलंत तर उलट संशय यायला जागा होईल.

आता कटू भाग. कॅमेरा खरंच चोरीचा निघाला तर तुम्ही प्रामाणिक असूनही तो तुमचा कधीच नव्हता. वस्तूविक्री कायदा, १९३० चं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जी मालकी नाही, ती घेणाऱ्याला मिळत नाही. इंग्लंडात भरबाजारात घेतलेल्या मालाला या नियमातून सूट होती, तीही तिथे १९९४ च्या कायद्याने गेली. आपल्याकडे तशी सूट नाहीच. कॅमेरा जप्त झाला तर बेंगळुरूचा ग्राहक तुमच्याकडे नुसता नफा नाही, पूर्ण ६,५०० मागू शकतो. तुम्ही तुमचे ८०० त्या स्टॉलवाल्याकडे मागा, सापडला तर!

मूर्तीची पोस्ट मात्र आजच काढा. ती खरंच शंभर वर्षं जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही, परदेशी पाठवणं तर दूरच. तेवढी जुनी नसेल तर ‘अँटिक’ म्हणणं ही ग्राहकाची दिशाभूल. दोन्हीकडून तो शब्द तुमच्याच अंगावर येतो. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात मूर्ती दाखवा आणि ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र मिळालं की ‘जुन्या धाटणीची पितळी मूर्ती’ एवढंच लिहून विका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बेंगळुरू वाचून मी थबकलो. ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांसाठी. करपात्र माल परराज्यात विकलात की साधारणपणे पहिल्याच विक्रीपासून नोंदणी लागते. वापरलेल्या मालावर खरेदीच्या कराची वजावट घेतली नसेल तर कर फक्त नफ्यावर, म्हणजे या कॅमेऱ्यात ५,७०० वर. पुढचं पार्सल राज्याबाहेर पाठवण्याआधी सीएंना भेटा.