वाचकांचे प्रश्न : छळ कशासाठी करायचे?

प्रश्न : सर, मध्ययुगातल्या शिक्षांबद्दल वाचलं आणि झोपच उडाली. माणसाला टांगायचे, बोटं चेचायचे... ही माणसं वेगळ्याच मातीची होती का? आणि एवढे हाल करून त्यांना मिळायचं काय?

उत्तर : मिळायची कबुली. आणि मला तरी तेच सगळ्यात भयानक वाटतं, कारण हे काही जमाव पिसाळला म्हणून झालेलं नाहीये, हे कोर्टाच्या हुकमाने झालंय, शेजारी लेखनिक बसून शब्द न् शब्द लिहून घेतोय असं झालंय. युरोपात त्याआधी दिव्य करायला लावायचे, म्हणजे आरोपीच्या हातात तापलेलं लोखंड द्यायचं आणि जखम कशी भरते ते बघून देवानेच निकाल दिला असं मानायचं. १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेत चर्चने पाद्र्यांना या दिव्यांत भाग घ्यायला मनाई केली. चांगलंच केलं, पण मग गुन्हा सिद्ध कसा करायचा? तेव्हा जुन्या रोमन कायद्याचा पुन्हा अभ्यास सुरू झालेला होता, त्यातून नियम असा बसला की देहदंडाच्या गुन्ह्यात एकतर दोन प्रत्यक्ष साक्षीदार पाहिजेत, नाहीतर आरोपीची स्वतःची कबुली. आता दोघांच्या डोळ्यांदेखत खून कोण करतो? म्हणून मग एकच साक्षीदार असला की तो अर्धा पुरावा धरायचा आणि उरलेला अर्धा आरोपीच्या तोंडून काढायचा, त्यासाठी छळ. १२५२ मध्ये पोप चौथा इनोसंट याने पाखंड्यांच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध जाणाऱ्यांच्या, चौकशीतही छळाला परवानगी दिली.

आणि याला नियम होते बरं का. जीव जाता कामा नये, अवयव निकामी होता कामा नये, नवीन पुरावा नसेल तर दुसऱ्यांदा छळ करायचा नाही. यातून पळवाट अशी काढली की दुसऱ्या दिवशी 'पुन्हा' नाही करत, कालचंच 'पुढे चालू' आहे म्हणायचं. छळात दिलेली कबुली नंतर छळाच्या खोलीबाहेर 'स्वखुशीने' परत द्यावी लागायची, आणि तिथे कोणी म्हणालं की वेदनेपायी बोललो, खोटं आहे ते, तर त्याची रवानगी परत आत.

प्रत्यक्षात हे कसं चालायचं त्याचं एक पत्र शिल्लक आहे. जर्मनीतल्या बामबर्ग शहराचा महापौर योहानेस युनियुस, पंचावन्न वर्षांचा माणूस, १६२८ मध्ये त्याला चेटूक केल्याच्या आरोपाखाली धरलं, बायकोला त्याच आरोपात आधीच मारून टाकलेलं होतं. जुलैमध्ये त्याने तुरुंगातून मुलगी वेरोनिका हिला चोरून पत्र पाठवलं. अंगठे स्क्रूमध्ये पिळल्यामुळे नखांतून रक्त आलं, चार आठवडे हात चालत नव्हते, ते तुला अक्षरावरून दिसेलच, असं लिहिलंय त्यात. मग हात पाठीमागे बांधून दोराने आठ वेळा वर ओढून खाली सोडलं. आणि मग खुद्द छळ करणाराच त्याला विनवतोय की साहेब, देवासाठी काहीतरी कबूल करा, खरं असो खोटं असो, रचून सांगा, कारण यातलं सगळं सोसलंत तरी सुटणार नाही, एकामागून एक छळ चालूच राहील. शेवटी युनियुसने गोष्ट रचली. तेवढ्यावरही भागलं नाही, चेटकिणींच्या मेळ्यात अजून कोण कोण होतं ते सांग म्हणून एकेका गल्लीचं नाव घेऊन विचारत गेले. पत्राच्या कडेला त्याने लिहिलंय की माझ्याविरुद्ध सहाजणांनी साक्ष दिली, सगळ्यांनी जबरदस्तीमुळे, आणि मरण्याआधी त्यांनी माझी माफी मागितली. ऑगस्टमध्ये त्यालाही मारलं.

म्हणजे वेगळ्या मातीची नव्हती हो ती माणसं. त्या विनवणाऱ्या माणसाला पूर्ण कळत होतं की समोरचा निर्दोष असू शकतो, तरी त्याने दोर ओढलाच, कारण हुकूम होता, फाइल पूर्ण व्हायला हवी होती. फ्रीडरिश श्पे नावाच्या जेझुइट (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) पाद्र्याने १६३१ मध्ये निनावी पुस्तक काढून हेच मांडलं की आपण सगळे चेटके ठरलो नाही ते एवढ्यासाठीच की आपल्या सगळ्यांचा छळ झाला नाही. पण प्रशिया या जर्मन राज्यात छळावर बंदी यायला १७४० उजाडलं आणि तीही आधी अपवाद ठेवून. इटलीत बेकारिया या कायद्याच्या विचारवंताने १७६४ मध्ये लिहिलं की छळात धडधाकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निर्दोष अडकतो. शिवाय तोवर न्यायाधीशांना परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची मोकळीक मिळत गेली होती, कबुलीवाचून काम अडेनासं झालं होतं, हे कारण फारसं कोणी सांगत नाही पण माझ्या मते ते दयेइतकंच महत्त्वाचं आहे.

प्रश्न : म्युझियममध्ये आतून खिळे असलेली लोखंडी बाईच्या आकाराची पेटी दाखवतात, ती खरी का?

उत्तर : नाही. तिची कथा १८ व्या शतकाच्या शेवटी छापून आली आणि पेट्या त्यानंतर बनवल्या गेल्या, मध्ययुगात वापरल्याचा पुरावा नाही. खरी साधनं साधीच होती, दोर, कप्पी, स्क्रू, पाणी, झोपू न देणं.

प्रश्न : आता तर सगळीकडे कायदा आहे, मग हे संपलं असं म्हणायचं का?

उत्तर : नाही म्हणता येत. फरक एवढाच की आता खुणा न राहतील असे प्रकार वापरतात, म्हणजे झोप न देणं, तासन्‌तास उभं ठेवणं, पाण्याने गुदमरवणं. अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यानंतर सीआयए या तिथल्या गुप्तचर संस्थेने एका कैद्यावर पाण्याचा प्रकार एका महिन्यात १८३ वेळा केला. इब्न अल-शेख अल-लिबी नावाच्या कैद्याला इजिप्तच्या ताब्यात दिलं, तिथे त्याने इराक आणि अल कायदाचं साटंलोटं असल्याचं सांगितलं, फेब्रुवारी २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे इराकवरच्या युद्धाची बाजू मांडताना अमेरिकेने तीच माहिती वापरली, आणि नंतर अल-लिबीने सगळं मागे घेतलं, छळ थांबावा म्हणून बोललो म्हणाला. युनियुसने रचली तशीच गोष्ट, फक्त इथे तिच्या जोरावर एक अख्खा देश युद्धात लोटला गेला.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी कराराचं कलम १५ वाचा, छळातून मिळालेलं निवेदन कुठल्याही खटल्यात पुरावा म्हणून चालणार नाही असं त्यात आहे, अपवाद एकच, ज्याने छळ केला त्याच्याविरुद्धच्या खटल्यात मात्र ते वापरता येतं.