दुरुस्ती नको, दुसरं काढ

अगं पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला. चित्र परत आलं, आता म्हणतेस पाय झाकून देऊ का, की हट्टाने तसंच ठेवू. दोन्ही नको. दुसरं काढ.

काराव्हाज्जिओ, तो इटलीचा जुना चित्रकार, त्याचंच बघ. रोममध्ये सान लुइजी देई फ्रांचेसी चर्चच्या वेदीसाठी 1602 मध्ये त्याने संत मॅथ्यू काढला, मराठी बायबलमधला मत्तय. खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेला, उघडा पाय थेट बघणाऱ्याच्या तोंडावर, आणि देवदूत त्याचा हात धरून अक्षरं लिहून घेतोय, आपल्याकडे पोराकडून पाटीवर श्री गिरवून घेतात ना, अगदी तसं. चर्चने नाकारलं. संताला हे शोभत नाही, असं कारण सांगतात. त्याने त्यात पाय झाकत बसायचा उद्योग केला नाही, नवा कॅनव्हास घेतला, जवळजवळ तीन मीटर उंच, आणि दुसरं काढलं. तेच आजही वेदीवर आहे. देवदूत आता वर हवेत, बोटांवर मुद्दे मोजतोय, म्हातारा मान वळवून ऐकतोय. पाय अजूनही उघडेच! आणि खालचं ते स्टूल बघ, एक गुडघा त्यावर टेकलाय आणि स्टुलाचा एक पाय कडेच्या बाहेर, आत्ता कलंडेल असं वाटतं. ही गंमत पहिल्यात नव्हती गं, डागडुजी करून ती आलीच नसती.

मी केली होती डागडुजी. 1987 मध्ये माझं एक पोर्ट्रेट परत आलं, मी त्याचे हात तीनदा रंगवले, शेवटी सगळ्या रंगांचा चिखल झाला आणि मूळ चित्रही गेलं. तो चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून वर्गात कुणाला जुन्यावर ब्रश लावू देत नाही, पोरं रडतात, पालक म्हणतात सर फार कडक आहेत. असू दे. माझं जे गेलं ते तुमचं जाऊ नये म्हणून ओरडतो, त्याची मला अजिबात लाज नाही.

आणि पहिलं फाडू नकोस हं. काराव्हाज्जिओचं ते नाकारलेलं पहिलं चित्र जुस्तिनियानी नावाच्या सरदाराने घेतलं, पुढे ते बर्लिनला गेलं, 1945 मध्ये नष्ट झालं, आता फक्त काळेपांढरे फोटो उरलेत. त्या फोटोंपुढे मी तासन्‌तास बसलोय.

तुझं भिंतीकडे तोंड करून ठेव. रविवारी येतोय, कॅनव्हास ताणून ठेव, कोरा.