यांची नजर कमी होतेय, खाण्यापिण्यात काय बदलू?

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यातले. माझे मिस्टर 36 वर्षांचे आहेत, लहानपणापासून त्यांना रात्रीचं कमी दिसायचं, आता बाजूचंही दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं, दारात बादली असली तरी अडखळतात. डॉक्टरांनी आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याचा पडदा हळूहळू खराब होत जाणारा आनुवंशिक आजार) सांगितलं, यावर औषध नाही म्हणाले. यांच्या आईच्या वडिलांनाही असंच होतं. तेव्हापासून हे घरातच असतात, दिवसा झोपतात, रात्री ओटीवर बसून बिड्या ओढतात, भजनात पखवाज वाजवायचे तेही सोडलंय. दिरांनी मुंबईहून मुशीच्या (शार्क माशाच्या) तेलाच्या गोळ्या पाठवल्यात, कोण म्हणतं रोज गाजर द्या. नक्की काय खायला घालू? आणि मुलगी 9 वर्षांची आहे, तिलाही होईल का?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं सांगते. त्या आत्ता बंद ठेवा. मुशीच्या तेलात अ जीवनसत्त्व असतं आणि ते जास्त झालं तर लिव्हरला त्रास होतो. 1993 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, त्यात रोज 15,000 युनिट अ जीवनसत्त्व घेऊन आरपी थोडी हळू वाढते असं वाटलं होतं, पण पुढे तीच माहिती नव्याने तपासली तेव्हा फायदा दिसला नाही. स्टारगार्ट नावाचा पडद्याचा दुसरा आनुवंशिक आजार आहे, त्यात तर अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळायलाच सांगतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गाजराने नजर परत येत नाही. घरात जे होतं तेच द्या, बांगडा, तारली, शेवग्याचा पाला, माठ, अळू, त्यासाठी वेगळा खर्च करू नका.

बिडी मात्र सुटायला हवी. पडद्याच्या पेशी आधीच कमजोर झाल्यात, त्यात धुराचा मारा कशाला? एकदम नाही जमलं तर जवळच्या सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायची मदत मिळते का ते विचारा.

पण तुमचं पत्र वाचून मला डोळ्यांपेक्षा त्यांच्या झोपेची आणि एकटेपणाची जास्त काळजी वाटली. डोळ्यात जाणारा सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावत असतो, त्यात आरपीचा माणूस दिवसभर आतल्या खोलीत पडून राहिला की रात्रीची झोप जाते, झोप गेली की चिडचिड, आणि मग आणखी आत बसणं, असं ते वाढतच जातं. त्यांना सकाळी खळ्यात आणा, टोपी आणि गडद चष्मा घालून अर्धा तास चालू दे, हात धरावा लागला तरी चालेल. उन्हातून घरात शिरल्यावर त्यांना काही क्षण काहीच दिसत नसणार, तेव्हा उंबऱ्याजवळ थांबायची सवय लावा. "मी तुमच्यावर ओझं झालोय" असं ते बोलत असतील, जेवण तुटलं असेल, तर वाट बघू नका, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

औषध नाही म्हणून तपासणी सोडू नका हो. आरपीत मोतीबिंदू लवकर होतो, पडद्याच्या मध्यभागी सूज येते, या दोन्हींवर उपचार आहेत आणि त्याने आहे ती नजर बरीच सुधारू शकते. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासा, बाजूचं किती दिसतं ते मोजणारी फील्ड टेस्टही करून घ्या. नजरेचं क्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी असेल तर 2016 च्या कायद्याने ते दिव्यांगात येतात, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी अर्ज करा, एसटीची सवलतही त्यावरच मिळते. लोक काय म्हणतील म्हणून कार्ड न काढणारी माणसं बघितली की मला फार वाईट वाटतं, हक्काची गोष्ट आहे ती.

आता मुलीचं. मिस्टरांच्या आईच्या वडिलांना होतं म्हणजे हा दोष एक्स गुणसूत्रावरून आला असायची शक्यता आहे, तसं असेल तर मुलगी वाहक असणार, म्हणजे तो दोष तिच्यातही असणार आणि पुढच्या पिढीत जाऊ शकणार. वाहक मुलींना बहुतेक वेळा त्रास नसतो किंवा सौम्य असतो, पण आरपीचे इतरही प्रकार आहेत, त्यामुळे अंदाजावर बसू नका. आधी मिस्टरांची जनुकीय चाचणी करा आणि आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या समुपदेशकाकडे जा. अमेरिकेत 2017 साली जनुकीय उपचाराला मंजुरी मिळाली, पण तो आरपीई65 या एकाच जनुकाच्या दोषावर आहे, म्हणून आपला दोष कुठला हे माहीत असलेलं बरं. मुलीचे डोळे आत्ता एकदा दाखवून घ्या. तिच्यासमोर "तुलापण होणार" असं कोणाला बोलू देऊ नका.

आणि पखवाज. तो वाजवायला डोळे लागत नाहीत, अडतंय ते देवळापर्यंत जायचं. तुमच्या घरापासून देवळापर्यंत पाखाडी असेल तर प्रत्येक पायरीच्या कडेला चार बोटं रुंद पांढरा ऑइलपेंट मारा, चुना मारलात तर पहिल्या पावसात धुऊन जाईल. वाटेतल्या विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधून घ्या, दारातल्या बादल्या कायम एकाच जागी ठेवा. पांढरी काठी घ्यायला ते लाजतील सुरुवातीला, तेव्हा मंडळातल्याच कोणा मित्राला भजनाच्या दिवशी घरी बोलवायला पाठवा. मित्राच्या कोपराला हाताने धरून त्याच्या अर्धा पाऊल मागे चालायचं, मित्राने यांना ढकलायचं किंवा ओढायचं नाही. पायरी आली की त्याने आधी तोंडाने सांगायचं.