कार्यक्रमात मध्येच विसरलं तर पियानोवादक काय करतात?

तुम्ही विचारलंय की मोठे पियानोवादक समोर नोटेशनचा कागद न ठेवता तास-तासभर वाजवतात, त्यांना मध्येच आठवेनासं झालं तर ते काय करतात. आणि तुमची लेक नागपूरला पहिल्यांदाच स्टेजवर पियानो वाजवणार आहे, तर तिची तयारी कशी करून घ्यावी.

विसरतात. नाव मोठं म्हणून यातून कोणी सुटत नाही. फक्त जाणता वादक विसरण्याचीही तयारी करून आलेला असतो, आणि ही तयारी शिकता येते.

मी ब्रह्मपुरीकडचा. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत झाडीपट्टीची नाटकं लागतात, तिथे ऑर्गनवर बसतो. बाकीचं वर्ष गावातल्या पोरांना कीबोर्ड आणि पाश्चात्त्य नोटेशन शिकवतो. नाटकात नट पद विसरला तर विंगेत प्रॉम्प्टर असतो, मी तीच ओळ पुन्हा वाजवून त्याला वेळ काढून देतो, तबलजी ठेका सोडत नाही. एकट्याने पियानो वाजवणाऱ्याला यातलं काहीच नाही. शिवाय सूर न् सूर लिहून ठेवलेला, आणि समोरच्या कित्येकांना तो पाठ. सावरण्याची सोय त्याला आधीच करून ठेवावी लागते.

आता विसरणं म्हणजे होतं काय? पाठांतर एक नसतं. बोटांचं वेगळं, कानाचं वेगळं, डोळ्यांचं वेगळं, आणि रचना समजून केलेलं वेगळं. आर्थर रुबिनस्टाइन या नामवंत पियानोवादकाला वाजवताना मनात पानं उलटताना दिसत, पानावरच्या कॉफीच्या डागासकट. बोटांचं पाठांतर सगळ्यांत लवकर होतं आणि ऐन वेळी तेच दगा देतं, कारण त्यात एक हालचाल पुढच्या हालचालीला ओढत नेते. मध्येच "आता पुढचा सूर कोणता?" असं मनात आलं, पट्ट्या घरच्यापेक्षा जड लागल्या किंवा भीतीने लय वाढली, की ती ओढ तुटते. मग आधाराला दुसरं पाठांतर नसेल तर हात तिथेच थांबतो.

सोनाटात, म्हणजे बहुधा तीन-चार भागांच्या मोठ्या रचनेत, आणखी एक फसवी जागा असते. पहिल्या भागात दुसरी सुरावट आधी बहुधा पंचमाला सा मानून येते आणि परतताना मूळ सा धरून येते. दोन्हीकडे नेणारी वाट जवळपास सारखी, एखाद्या सुरापासून वेगळी होणारी. तिथे चुकीचं वळण घेतलं की वादक पुन्हा सुरुवातीच्याच भागात जाऊन पडतो. ही जागा बोटांना कळत नाही, ती डोक्यानेच लक्षात ठेवावी लागते. जर्मन संगीतकार बाख यांच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलत जातात अशा रचनेत, तर तीन-चार आवाज स्वतंत्र चालतात, त्यामुळे एका हाताने वेळ मारून नेण्याचीही सोय नाही.

यावर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉजर चॅफिन यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. गॅब्रिएला इमरे या पियानोवादक बाखच्या 'इटालियन कॉन्चेर्टो' या एकट्या वादकासाठीच्या रचनेचा तिसरा भाग बसवत होत्या, तो सगळा रियाज चॅफिन यांनी नोंदवून घेतला. इमरे यांनी तुकड्यात ठरावीक खुणेच्या जागा पक्क्या केल्या होत्या. दोनेक वर्षांनी त्यांना तो आठवून लिहायला सांगितला, तेव्हा भागांच्या सुरुवाती नीट आठवल्या. तिथून पुढे जावं तसं आठवणं विरळ होत गेलं. स्टेजवरही हेच कामी येतं. अडकलेला वादक मागे जात नाही, पुढच्या खुणेवर उडी घेतो. तोवर डावा हात त्याच स्वरसंगतीत चालू ठेवतो, लय सोडत नाही. मागे गेलं तर त्याच जागी पुन्हा अडकण्याची भीती असते.

मारिया झुआंव पिरेश या पोर्तुगीज पियानोवादक बाईंचा प्रसंग तर ऐकलाच असेल. अॅमस्टरडॅमला संचालक रिकार्डो शायी यांनी वाद्यवृंद सुरू केला आणि पिरेश यांच्या लक्षात आलं, की आपण मोझार्टचा दुसराच कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंद यांची एकत्र रचना) तयार करून आलोय. सुरू झाला होता डी मायनर या स्वरातला, मोझार्टच्या रचनांच्या केशेल यादीत ४६६ क्रमांकाचा. त्यात पियानोआधी वाद्यवृंदच दोनेक मिनिटं वाजतो. तेवढ्यात त्यांनी मन गोळा केलं आणि सगळा आठवून वाजवला. लोक याला चमत्कार म्हणतात. मला त्यात आधीच्या वर्षांत मुरलेली मेहनत दिसते.

आणि कागद ठेवण्यात कमीपणा मुळीच नाही. १८३७ मध्ये बर्लिनला पियानोवादक क्लारा वीक, म्हणजे पुढच्या क्लारा शूमान, यांनी बेथोव्हेनचा सोनाटा न बघता वाजवला तेव्हा काहींना तो तोरा वाटला होता. त्या काळी कागद समोर असणं हीच रीत होती. उलट स्वियातोस्लाव रिख्टर यांच्यासारखा दिग्गज पियानोवादक उतारवयात कागद आणि लहानसा दिवा ठेवून वाजवत असे. आयोजकांची हरकत नसेल तर लेकीलाही ठेवू द्या. पण ठेवायचा तर रियाजही कागद बघूनच करायचा, कारण पट्ट्यांवरून नजर उचलून नेमकी ओळ शोधायचीही सवय लागते.

न बघता वाजवायचं असेल तर तिच्या तुकड्यात आठ-दहा जागा पाडा आणि त्यांना नंबर द्या. घरातल्या कोणीही मध्येच नंबर पुकारायचा, तिने तिथून सुरू करायचं. डावा हात एकटा, अगदी हळू, पाठ वाजला पाहिजे; बहुतेक पोरं इथेच अडखळतात. आमच्याकडे लाइन गेली की कीबोर्ड बंद पडतो, तेव्हा मी पोरांना डोळे मिटून सगळा तुकडा मनात वाजवायला लावतो. जिथे मनात धूसर होतं, तिथे स्टेजवर हमखास अडतं. ओसरीवर शेजारीपाजारी बसवून न थांबता वाजवून घ्या, चुकलं तरी पुढेच जायचं हा नियम ठेवून.

घरी कीबोर्ड असेल तर कार्यक्रमाआधी हॉलमधल्या खऱ्या पियानोवर थोडा वेळ तरी बसू देण्याची विनंती करा, हे सोडू नका. आणि ती कोणता तुकडा वाजवणार ते कळवा, जागा कुठे पाडायच्या ते सांगतो.