नवं वाचलं की जुनं पुसलं जातं का?

"मॅडम, डोकं फुल झालंय. नवीन घातलं की जुनं बाहेर पडतं."

राज्यसेवेची तयारी करणारी ही मुलगी (ओळखीचे तपशील बदलले आहेत) अगदी रडकुंडीला आली होती. आजीला विस्मरणाचा आजार. आपल्यालाही तेच लागलंय, ही धास्ती. अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांकडून ही तक्रार मी सतत ऐकते.

कोरा कागद दिला. गोदावरीच्या उपनद्या लिही म्हटलं. प्रवरा, सिंदफणा, पूर्णा, मांजरा, प्राणहिता... भराभर उतरल्या. मग विचारलं, राज्यघटनेच्या अकराव्या, म्हणजे पंचायतींच्या अनुसूचीत विषय किती? तिने 18 लिहिलं, खोडलं, 29 लिहिलं, तेही खोडलं. 29च बरोबर होतं; 18 नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीतले. पंचायतींच्या कार्यकालाचं कलम? 243-यू. ते नगरपालिकांचं, पंचायतींचं 243-ई.

तिने पंचायतींची 73वी घटनादुरुस्ती आधीच पक्की केली होती आणि नुकतीच नगरपालिकांची 74वी उरकली होती. दोन्हींचा सांगाडा एकच: आरक्षण, पाच वर्षांचा कार्यकाल, निवडणुका, वित्त आयोग. वेगळी असतात ती कलमांची अक्षरं आणि आकडे. नवं जुन्यावर चढलं ते तिथेच. नद्यांना धक्काही लागला नव्हता. आजीचा आजार असा विषय निवडून येत नाही, हे तिला तिच्याच कागदावर दाखवता आलं.

म्युलर आणि पिल्त्सेकर या जर्मन संशोधकांनी 1900 मध्येच दाखवलं होतं की पाठांतरानंतर लगेच दुसरं काही शिकलं तर पहिलं कमी आठवतं. 1924 मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख यांच्या प्रयोगात निरर्थक अक्षरं पाठ करून झोपल्यावर ती जागं राहण्यापेक्षा जास्त आठवली. ही बाई रात्री दोनपर्यंत वाचत होती!

मी तिला 73वी पुन्हा वाचायला सांगितली. थोड्याच वेळात सगळं परत आलं. पुसलंच गेलं असतं, तर पहिल्याइतकाच वेळ लागला असता.

मग वेळापत्रक बदललं. या दोन दुरुस्त्या एका बैठकीत नकोत, मधे भूगोल. रात्री वेळेवर झोप. आणि पुस्तक मिटून, आठवून, शेजारी-शेजारी दोन रकाने भरायचे. रंगीत पेनांनी ओळी रंगवण्यावर माझा फारसा विश्वास नाही.

अलीकडे तिचा फोन आला. अनुसूच्या आता चुकत नाहीत, पण 243-आय आणि 243-वाय अजून अडकतात. म्हटलं, दोन्हीकडे वित्त आयोग एकच आहे. आय खाली नेमलेलाच वाय खाली नगरपालिकांचंही बघतो. तेवढं कळलं की ती जोडी वेगळी पाठ करायला नको.